प्रतिसाद: जनुकं तीच, पण चालू कोणती?

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी म्हणून घेतल्या जाणाऱ्या जिवाणूंबद्दल एकाने विचारलंय, "स्ट्रेन (जिवाणूचा ठरावीक वाण) तोच असेल तर दह्यातून घ्या नाहीतर कॅप्सूलमधून, काय फरक पडतो?" जनुकं तीच राहतात हे बरोबर, पण त्यातली चालू, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागलेली कोणती हे वाढीच्या परिस्थितीवर ठरतं.

उदाहरणार्थ, लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस या जिवाणूचा एनसीएफएम हा स्ट्रेन बघा. कांदा-लसणात असतात तसल्या फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करेच्या छोट्या साखळ्या आत ओढून तोडणाऱ्या जनुकांचा एक गट त्याच्याकडे आहे. २००३ साली दाखवलं गेलं की या साखळ्या किंवा साधी साखर (सुक्रोज) दिली की तो गट जागा होतो, आणि ग्लुकोज मिळालं की गप्प बसतो. आयतं ताट समोर असताना कांदा सोलायला कोण जाईल! सीसीपीए नावाचं प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी बसून हे कुलूप लावतं.

आम्लाचंही तसंच. आधी सौम्य आम्लात, साधारण ५.५ पीएचला, तासभर मुरलेल्या पेशी नंतरचा ३.५ पीएचचा (आकडा कमी, म्हणजे आम्ल जास्त तीव्र) झटका जास्त सोसतात. त्यामुळे पाकिटावरच्या 'अब्जावधी जिवाणू' या आकड्यापेक्षा ते कशावर वाढवले आणि कुठल्या टप्प्यावर सुकवले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते मात्र पाकिटावर कोणी छापत नाही. (घरच्या विरजणात नेमका कुठला स्ट्रेन, हा आणखी वेगळा गोंधळ.)