फोटोवरून रीफ ठरवू नका
रीफ म्हणजे समुद्रातली प्रवाळाची रांग बघायला जायचं तर फोटो आणि रिव्ह्यू बघून रिसॉर्ट ठरवा असं काही जण सांगतात, रिव्ह्यूचं ठीक पण फोटोंचं मला अजिबात पटत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी तापून लक्षद्वीपला प्रवाळ केवढं पांढरं पडलं, त्याआधीचे फोटो काय कामाचे, सरळ फोन करून याच सीझनचा व्हिडिओ मागा. पांढरं प्रवाळ अजून जिवंत असू शकतं, पाणी लवकर थंड झालं तर सावरतं, पण फांद्यांवर हिरवट-तपकिरी शेवाळ लोकरीसारखं चढलं असेल तर तो भाग मेलाय.

आणि नुसत्या निळ्याशार पाण्यावर भाळू नका, आमच्या गोव्यात ग्रँड आयलंडला पाणी बऱ्याचदा गढूळच, तरी खडकांपाशी मासे भरपूर. रिसॉर्टवाल्यांना पोपटमासे किती दिसतात ते जरूर विचारा, प्रवाळावरचं शेवाळ तेच खरवडून खातात.