जर्मनीतून बाबांच्या बटणाच्या फोनवर मेसेज: पाठवले २०, बिलात ६०

शिरोलीचा_गडी:

राम राम मंडळी. मी मूळचा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. शिरोली एमआयडीसीत सहा वर्षं सीएनसी मशिनवर होतो, आता सप्टेंबरपासून जर्मनीत, श्टुटगार्टच्या बाजूला. काम तेच, फक्त इथं मशिनं माणसांपेक्षा कमी बोलतात.

आईचं काही अडत नाही. तिच्याकडं व्हॉट्सॲप आहे, दिवसातनं चार वेळा "जेवलास काय" येतं. प्रश्न बाबांचा आहे. बाबा फौंड्रीत पॅटर्न शॉपला होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करायचे. लाकूड अर्धा मिलिमीटर कमी-जास्त असलं तर नुसतं बघून सांगणारा माणूस, पण फोन बटणाचा. जाताना मी त्यांना स्मार्टफोन घेऊन दिलेला. तो सध्या आईच्या कपाटात आहे, खोक्यासकट, साड्यांच्या खाली. "त्याला रोज चार्जिंग लागतंय, ह्याला आठवड्यातनं एकदा," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं पण नाही.

तर बाबांना मी एसएमएस करतो. संध्याकाळी सहाला ते तालमीच्या कट्ट्यावर बसतात, तिथं मेसेज वाजला पाहिजे. मग चष्मा लावून, फोन हातभर लांब धरून, मोठ्यानं वाचतात आणि वरचा जर्मनीचा +४९ नंबर शेजारच्याला दाखवतात. हे मला कट्ट्यावरच्या मित्रानं सांगितलं. मला स्वतः बाबा फक्त "आला मेसेज" एवढंच सांगतात.

आता दुखणं. माझ्या प्लॅनमध्ये भारतात एक एसएमएस २९ सेंटला. महिन्यात २० पाठवले, म्हणजे ५ युरो ८० सेंट व्हायला पाहिजेत. बिल आलं १७ युरो ४० सेंट, तपशिलात एसएमएस ६०! कस्टमर केअरला फोन लावला तर माझं जर्मन आणि त्यांचं इंग्रजी यांची कुस्ती लागली आणि बरोबरीत सुटली. माझ्यासोबत क्रोएशियाचा एक जण आहे, तो घरी एसएमएस करतो तर त्याला ७ सेंट पडतात. मग आपल्यालाच का चाप?

स्वस्तात काय करता येईल सांगा. बाबांना स्मार्टफोन दे, एवढं सोडून.

कागलचा_दुबईत:

स्मार्टफोन दे की भावा.

बरं, गंमत बाजूला. मी नऊ वर्षं इकडं आहे. इथं व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, फोटो जातो, व्हॉइस नोट जाते, पण कॉल लागत नाही. यूएईत इंटरनेटवरनं बोलायला परवाना असलेलीच ॲपं चालतात, बोटिम वगैरे. नवीन आलेली पोरं पहिल्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल लावायला जातात आणि फोन बिघडला म्हणून रडत बसतात.

माझ्या आईला वाचता येत नाही. म्हणून आमचं सगळं व्हॉइस नोटवर. भाकरी थापता थापता ती माझी नोट लावते, आणि तिचं उत्तर येतं तेव्हा माझ्या निरोपापेक्षा परातीचा आवाज जास्त असतो. मधे पंधरा दिवस तिच्याकडनं काहीच येईना. भाच्यानं बघितलं तर फोन गच्च भरलेला. नातेवाइकांच्या गुड मॉर्निंगच्या फुलांनी! मेमरीच शिल्लक नाही म्हटल्यावर माझी नोट उतरणार कुठं? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घ्यायचं बंद करून टाकलं. तुझ्या आईच्या फोनमध्ये तेवढं आधी बघून घे.

तुझ्या बाबांच्या फोनचं मला काय कळत नाही. टॉवरवाले येतील बघ.

टॉवरवाला:

आलो. बारा वर्षं मोबाईल नेटवर्कमध्ये काढलीत, म्हणून सांगतो. तुझं बिल बरोबर आहे. तू मराठीत लिहितोस ना?

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, एक बाइट म्हणजे ८ बिट. इंग्रजी अक्षरं ७ बिटांत बसतात म्हणून १६०. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट, म्हणून ७०. त्याच्या पुढं गेलास की मेसेजचे तुकडे होतात, आणि तुकडे परत जोडायची माहिती आत घालावी लागत असल्यानं एका तुकड्यात ६७च उरतात. फोनवर तुला एकच मेसेज दिसतो, बिल तुकड्यांचं होतं. तुझे मेसेज दीडशे-पावणेदोनशे अक्षरांचे असणार, म्हणजे प्रत्येकी तीन. २० गुणिले ३, झाले ६०.

आणि अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजतो तसं नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळं वेगळं मोजलं जातं. "कोल्हापूर" आपल्याला चार अक्षरं वाटतात. फोन नऊ मोजतो. मधली जागा पण मोजतो.

तुझा एखादा मेसेज इथं टाक, मोजून दाखवतो.

शिरोलीचा_गडी:

आयला! बारावीला कॉम्प्युटर घेतलेला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. हा घ्या, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. हा लहान आहे, बाकीचे लांबलचक:

"बाबा, पोचलो. इकडं थंडी लई हाय. जेवण झालं. आईला सांगा लोणचं सांडलं नाही."

टॉवरवाला:

७१. दोन एसएमएसचे पैसे गेले.

शेवटचा पूर्णविराम काढ. ७० झाले, एक एसएमएस.

मस्करी नाही. बहुतेक मेसेज ॲपमध्ये लिहिताना कोपऱ्यात बारीक आकडा दिसतो, किती अक्षरं उरली आणि कितवा तुकडा चालू आहे त्याचा. त्याच्यावर नजर ठेव. इंग्रजी लिपीत मराठी लिहिलंस तर १६० मिळतील, पण त्यात एक जरी इमोजी घातलास तर अख्खा मेसेज ७०च्या हिशोबात जातो. हसरं तोंड तुला २९ सेंटला पडेल.

क्रोएशियावाल्याचं कारण वेगळं आहे. युरोपियन युनियनमध्ये एका देशातनं दुसऱ्या देशात एसएमएसला ६ सेंट अधिक कर अशी कमाल मर्यादा आहे, मे २०१९ पासून. तुमच्याकडचा कर धरून ७च्या वर जातं ते. भारत त्या मर्यादेत येत नाही, तिथं कंपनी म्हणेल तो दर. म्हणून सिम बदलायचं असेल तर जाहिरातीतला डेटा बघू नकोस, भारताचा एसएमएस दर बघ. लायका, लेबारा यांची सिम परदेशी फोन करणाऱ्यांसाठीच असतात, पण तिथंपण कॉल स्वस्त आणि एसएमएस महाग असं असू शकतं. दरपत्रक उघडून बघायचं, दुकानदाराच्या तोंडावर जायचं नाही.

अजून एक. तुझ्या मेसेज ॲपमध्ये आरसीएस चालू असेल तर स्मार्टफोनवाल्यांना इंटरनेटवरनं चॅट जातं, ते एसएमएसमध्ये मोजलं जात नाही. पण समोरच्याचं नेट बंद असलं की तेच "एसएमएस म्हणून पाठव" असं आपोआप होऊ शकतं. सेटिंगमध्ये ते बंद कर. आयफोनलापण तसलंच बटण आहे.

फुकट एसएमएस पाठवून देतो म्हणणाऱ्या वेबसाइटवर बाबांचा नंबर टाकू नकोस. भारतात व्यावसायिक एसएमएसला नोंदणी केलेलं हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराचा नमुना लागतो, तसले मेसेज बहुतेक मधेच अडकतात. आणि नंबर गेला तो गेला.

सातवी_गल्ली_राजारामपुरी:

मी परदेशात नाही, मी ह्या बाजूची. भाऊ अमेरिकेत, आई-बाबा माझ्या भरवशावर. म्हणून घेणाऱ्याकडनं सांगते.

एसएमएस घ्यायला बाबांना काही पैसे पडत नाहीत, पण उत्तर देऊ देऊ नका. आमच्या पॅकमध्ये रोजचे १०० एसएमएस येतात ते भारतातल्या भारतात. परदेशी नंबरवर पाठवला की बॅलन्समधनं कापतात. माझ्या बाबांनी एकदा भावाला "ओके" पाठवलं होतं, मग दोन दिवस तेवढंच बोलत होते.

मिस्ड कॉलपण सांभाळून. तुम्ही एक रिंग दिली आणि बाबांनी उलट लावला तर तो आयएसडी, म्हणजे परदेशी कॉल. आमच्याकडं ठरलेलं आहे: भावाची एक रिंग म्हणजे घरी पोचला, उचलायचं नाही. एकदा आईनं प्रेमानं उचलला, तेव्हापासून मोठा फोन माझ्याकडं असतो.

एक सोपी वाट सांगू? ते रोजचे १०० एसएमएस आमच्याकडं असेच पडून वाया जातात. घरात कुणी स्मार्टफोनवालं असेल ना, बहीण, वहिनी? तुम्ही तिला व्हॉट्सॲप करा, ती तेच बाबांना एसएमएस करेल. तुम्हालापण शून्य, तिलापण शून्य. तीन तुकडे झाले तरी शंभरातनं तीनच जाणार. भाऊ पूर्वी स्काईपवरनं आमच्या लँडलाईनला फोन लावायचा, ते मे २०२५ मध्ये बंद पडलं, तेव्हापासून आमचं असंच चाललंय.

पण एसएमएस अगदी सोडू नका हो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझं माहेर रमणमळ्यात होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका पातळी, पाणी त्याच्या कितीतरी वर. लाइट नाही, नेटचा पत्ता नाही. बॅटरी राहावी म्हणून फोन बंद ठेवायचा आणि रात्री दहा मिनिटं चालू करायचा. चालू केला की भावाचे मेसेज एकामागनं एक टुंग टुंग टुंग. दिवसभराचे साठलेले. "कुठं आहात", "वरच्या मजल्यावर गेलात काय", आणि एक नुसताच "ताई". तो मी अजून ठेवलाय.

टॉवरवाला:

ताईंचं बरोबर आहे. फोन बंद असला तर एसएमएस केंद्रावर थांबतो आणि फोन रेंजमध्ये आला की सुटतो, ठरावीक मुदतीपर्यंत. त्याला डेटा लागत नाही. बारीकशी रेंज पुरते.

शिरोलीचा_गडी:

ताई, बहीण आहे, उचगावला दिलेली. तिला विचारलं तर लगेच तयार झाली. दोन दिवस तसं केलंपण. तिसऱ्या दिवशी बाबांचा तिला फोन: "त्याचा मेसेज तुझ्या नावानं का येतोय? त्याचा फोन गेला काय?" तिनं समजावलं की पैसे वाचतात. बाबा म्हणाले, "वाचू देत." आणि ठेवला. मला कळलं. कट्ट्यावर बहिणीच्या नंबरला काय किंमत? तिथं +४९ लागतं.

मग असं केलंय. रोजचा एक एसएमएस माझ्याच नंबरवरनं, ७०च्या आत, वीस दिवसांचे ५ युरो ८०. इथं एका कॉफीला त्याच्या निम्मे जातात, तेवढं बाबांवर घालायला हरकत नाही. लांबडं काही असलं, पगार, डॉक्टर, घरमालकिणीची भांडणं, तर ते बहिणीकडनं.

वेळेचंपण जमवलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं गेली, आता कोल्हापूर साडेचार तास पुढं. आधी शिफ्ट सुटल्यावर अडीचला पाठवला की कट्ट्यावर बरोबर सहा. आता सहा म्हणजे इथले दीड, तेव्हा मी मशिनवर आणि फोन लॉकरमध्ये. म्हणून सकाळी डबा भरताना मेसेज लिहून वेळ लावून ठेवतो, तो आपला आपण दीडला जातो.

७०मध्ये लिहायला बसलं की गंमत होते. "काळजी करू नका" घालायला गेलो तर तेरा गेले. काढून टाकलं. "बर्फ पडला" घातलं.

कागलचा_दुबईत:

बाबांना जोडाक्षरं नीट दिसतात काय रे? जुन्या बटणाच्या फोनवर चौकोन येतात.

शिरोलीचा_गडी:

दिसतात. बहिणीनं आधी उचगावातनं एक फुकटचा पाठवून बघितला होता.

आणि ऐका, काल रविवारी आईनं व्हिडिओ कॉल लावला. बाबा सहसा समोर येत नाहीत, दारातनं "बरा आहेस न्हवं" म्हणून जातात. काल आईच्या हातातनं फोन घेतला, स्वतः. मला वाटलं काय झालं आता.

म्हणाले, "आठ दिवस बघतोय, तुझ्या मेसेजला शेवटी टिंब नसतंय. वाक्य पुरं करायचं असतं. कट्ट्यावर मास्तर बसतात."