झिप केली तरी साइझ तेवढीच कशी?

सचिव: नमस्कार मंडळी. गच्चीच्या गळतीचे १८६ फोटो आणि ऑडिटचे कागद एकाच झिपमध्ये बांधून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आहेत. सगळ्यांनी उतरवून घ्या.

बी-३०२: दादा, ६१० एमबी? झिप केली की फाइल लहान होते ना? नुसतं फोल्डरही जवळजवळ एवढंच असणार.

सी-४०४: बरोबर आहे ताई, पण चूक कुणाची नाही. फोटो जेपीईजी प्रकारचे आहेत, ते कॅमेऱ्यानेच आधी दाबलेले, म्हणजे साइझ कमी केलेले असतात. झिप आवळतं ते पुनरावृत्तीवर. मेंटेनन्सची यादी घ्या. प्रत्येक ओळीत ‘देखभाल शुल्क जमा’ येतं. झिप ते एकदाच पूर्ण लिहितं आणि पुढच्या वेळी फक्त खूण ठेवतं : मागे अमुक इतकं जा, तिथून एवढी अक्षरं उचल. ही युक्ती लेम्पेल आणि झिव यांची, १९७७ ची. त्यावर हफमनची १९५२ ची पद्धत चढते, म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा संकेत. उलगडल्यावर एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. म्हणून नुसत्या मजकुराची फाइल अगदी एवढीशी होते, फोटो मात्र हलत नाहीत.

ए-१०१: मग फोटोंची झिप करायचीच कशाला?

सी-४०४: काका, दोन कारणं. एक, गाठोडं सुटत नाही, १८६ मधला एखादा मागे राहत नाही. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ग्रुपवर फोटो साधे टाकले की ॲप त्यांचा दर्जा उतरवतं. भिंतीवरची केसाएवढी भेग त्यात पुसट होते, आणि कंत्राटदाराशी बोलताना नेमकी तीच दाखवायची आहे. झिपमध्ये मूळ फोटो जसाच्या तसा जातो. नुसतं बांधायचं, दाबायचं नाही, असं करणारं ‘टार’ही आहे. टेपवर साठवण्यासाठी निघालं म्हणून ते नाव. दाबायचं काम मग जीझिप नावाचं दुसरं सॉफ्टवेअर करतं.

डी-२०३: माझ्याकडे ‘फाइल खराब आहे’ म्हणतंय.

सी-४०४: साइझ किती दिसते?

डी-२०३: ३९० एमबी.

सी-४०४: अर्धवट उतरली आहे. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. शेपूटच आलं नाही तर आत काय आहे ते सॉफ्टवेअरला कळत नाही. पुन्हा उतरवा.

बी-३०२: माझ्याकडे उघडली, पण फोल्डरच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकोन!

सी-४०४: जुन्या सॉफ्टवेअरमुळे. झिप १९८९ ची, तेव्हा नावांसाठी ठरवलेल्या अक्षरसंचात देवनागरी नव्हतीच. यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत, तिची सोय झिपच्या नियमांत २००६ मध्ये आली. आतले फोटो शाबूत आहेत, निर्धास्त राहा. दुसऱ्या सॉफ्टवेअरने, उदाहरणार्थ सेव्हन-झिपने, उघडून बघा.

खजिनदार: माझं वेगळंच झालंय. काल झिपमधूनच ऑडिटची एक्सेल उघडली, दोन तास आकडे दुरुस्त केले, सेव्ह केली. आज बघतो तर जुनीच.

सी-४०४: अरेरे. काका, झिपमधली फाइल थेट उघडली की संगणक तात्पुरत्या फोल्डरमध्ये तिची प्रत काढतो. तुमची मेहनत त्या प्रतीत आहे, झिपमध्ये नाही. संगणक साफ करणारं काही चालवू नका. एक्सेलच्या ‘रीसेंट’ यादीत नाव दिसतंय का?

खजिनदार: दिसतंय. रस्त्यात ‘टेम्प’ असं काहीतरी आहे.

सी-४०४: तीच. उघडा आणि लगेच ‘सेव्ह ॲज’ करून डेस्कटॉपवर घ्या.

खजिनदार: आली! सगळे आकडे आहेत. फार मोठं काम केलंस रे बाबा.

सचिव: मंडळी, आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा, मगच आतलं काही उघडा. हा मेसेज पिन करतोय. खजिनदारकाका, ती नवी एक्सेल मला पाठवा, कागदांची वेगळी झिप करून रात्री टाकतो.