तालुका कोर्टातल्या जजच्या वागणुकीची तक्रार कुठे करायची?

बांधावरचा७२:
बाबांचा वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात आहे. जजसाहेब बरेचदा बाराला डायसवर येतात, ते एक वेळ चालतं, पण परवा बाबांना नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी दोनदा "काय साहेब?" विचारलं तर भर कोर्टात "बहिऱ्याला कशाला आणता" म्हणाले. बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. वकील म्हणतात गप्प बसा, निकाल त्यांच्याच हातात आहे. कलेक्टरकडे किंवा मंत्रालयात अर्ज दिला तर काही होईल का?

नक्कलवाला:
कलेक्टरचा काही संबंध नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ प्रमाणे खालच्या कोर्टांवर ताबा हायकोर्टाचा, बदली, बढती, खातेचौकशी सगळं तिथूनच, बडतर्फीवर सही सरकारची असली तरी हायकोर्टाच्या शिफारशीशिवाय ती होत नाही. अर्ज प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे नाहीतर मुंबई हायकोर्टाच्या रजिस्ट्रारकडे द्या आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा, निनावी कागद बाजूला पडतो. "आमच्याविरुद्ध ऑर्डर दिली" हे चुकूनही लिहू नका, त्याला अपील आहे. फक्त वागणूक लिहा, तारखेसकट. रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या तारखेवार नोंदीत, "वेळेअभावी तहकूब" एवढंच सापडेल, जज किती वाजता बसले, काय बोलले ते त्यात नसतं. त्यामुळे त्या वेळी कोर्टात कोण कोण होतं ते आत्ताच लिहून ठेवा.

बांधावरचा७२:
म्हणजे नाव उघड, आणि दावा त्यांच्याच समोर?

नक्कलवाला:
हो, खुलासा मागवला की त्यांना कळणारच. दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करायला जिल्हा कोर्टात सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम २४ चा अर्ज करता येतो, पण त्यालाही कारण पटवावं लागतं.

उगाचएक:
खालच्यांना निदान हायकोर्ट आहे हो. हायकोर्टाच्या जजला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं आणि शिवाय एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. १९९३ ला सुप्रीम कोर्टाचे जज रामस्वामींच्या वेळी काँग्रेसच्या खासदारांनी मतच दिलं नाही, प्रस्ताव पडला. २०११ ला कलकत्ता हायकोर्टाचे जज सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत पास झाला तर लोकसभेत यायच्या आत राजीनामा! १९९५ ला आपल्याच मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींनी वकील संघटनांच्या दबावानंतर राजीनामा दिला, तेव्हा सुप्रीम कोर्ट म्हणालं बारने (वकील संघटनांनी) असं करायचं नाही, सरन्यायाधीशांना कळवायचं. त्यातूनच पुढं जजांनीच जजांची चौकशी करायची ती इन-हाऊस पद्धत आली. आता बोला.

बांधावरचा७२:
दादा ते दिल्लीचं राहू द्या. त्या दिवशी शेजारच्या गावचे दोघं मागच्या बाकावर होते, आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येतो, सही देतात का बघू.