सोलापूरच्या उन्हात आधी एसी बघा

नवी गाडी घेताना मोठी स्क्रीन आणि सनरूफ बघून तुमचं मन टर्बो-डीसीटी (टर्बो इंजिन आणि दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मॉडेलवर बसलंय, हे समजतं. देखणी गाडी मलाही आवडते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो. माझ्या आधीच्या गाडीची स्क्रीन दुसऱ्याच उन्हाळ्यात बंद पडली आणि एसीची बटणंही तिच्यातच! अक्कलकोटहून आईला घेऊन तसंच घामाघूम परत आलो. म्हणून एसीला वेगळी बटणं हवीतच.

त्यापेक्षा मारुतीची फ्रॉन्क्स बघा. तिचं १.२ लिटरचं साधं, बिनटर्बो पेट्रोल इंजिन मारुतीच्याच बलेनोतही आहे, मिस्त्रींच्या हातातलं. फक्त मागचं छप्पर उतरतं आहे, उंच माणसाला मागे बसवून बघा. टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी दोनला, चौघं बसूनच घ्या.