सिंगापूर क्रूझ, सोबत सासूसासरे आणि आई: फोन, चार्जर, किटलीचं काय करायचं?

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर सिंगापूरहून क्रूझ बुक केली आहे. चार रात्री, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. आम्ही दोघं, आठवीतला मुलगा, सासूसासरे आणि माझी आई. तीन खोल्या आहेत, दोन खिडकीच्या आणि एक आतली, बिनखिडकीची. विमान-हॉटेल सगळं एजंटने केलंय, पण पुढचं विचारलं की तो "ताई, टेन्शन घेऊ नका" एवढंच म्हणतो. म्हणून इथे विचारते.

१) समुद्रात फोन चालतो का? नणंद अमेरिकेत असते, तिला रोज सासूबाईंशी बोलायचं असतं. नाही बोलली तर तिकडून पोलिसात जाईल.
२) सासऱ्यांना झोपताना सी-पॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) लागतं. पलंगाजवळ प्लग नसेल तर? स्पाइक गार्ड (जादा दाबापासून वाचवणारा चार-पाच प्लगांचा बोर्ड) नेऊ का?
३) सासूबाईंना पहाटे साडेपाचला चहा लागतो. छोटी इलेक्ट्रिक किटली घेतली आहे.
४) कार्डाचे ओटीपी समुद्रात कसे येणार?
५) सगळे एकमेकांना हरवणार नाहीत याची काही युक्ती?

ज्यांनी खरंच केलंय त्यांनीच सांगा. यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय, सगळे नुसते बुफे दाखवतात.

ठाणे_वेस्ट

आम्ही याच मार्गावर गेलो होतो. घाबरू नका, मस्त असतं. स्पाइक गार्ड आम्ही नेला होता, चार फोन त्यावरच चार्ज केले, कोणी काही बोललं नाही. वायफायचं पॅकेज मात्र घेऊ नका, लुटतात. पेनांग-फुकेतला उतरल्यावर बोला नणंदेशी.

डेकवरचा_वायरमन

मी वेंगुर्ल्याचा. नोकरीतली बरीच वर्षं प्रवासी जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, आता घरी माडांना पाणी घालतो. ताई, तुमचा दुसरा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा, म्हणून तिथूनच सुरू करतो.

स्पाइक गार्ड नेऊ नका. ठाणेकरांचा चालला, कारण बॅग तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटला. त्यात गंमत काय ते नीट सांगतो, कारण "नियम आहे" म्हटलं की आपली माणसं हमखास नेतात.

घरच्या सॉकेटमध्ये एक तार फेज, एक न्यूट्रल, आणि तो न्यूट्रल मागे कुठेतरी जमिनीत बांधलेला असतो. जहाजाला जमीन कुठली आणायची? जहाजाचं लोखंडी अंग हीच जमीन. बऱ्याच जहाजांवर वीज मुद्दाम त्या अंगापासून सुटी ठेवलेली असते. कारण असं, की एखाद्या तारेचं आवरण फाटून ती लोखंडाला टेकली तरी ब्रेकर पडू नये. भर समुद्रात सुकाणूचा पंप बंद पडून कसं चालेल? तेव्हा वीज चालू राहते, कंट्रोल रूममध्ये फक्त अलार्म वाजतो, आणि आमच्यासारखा कोणीतरी रात्री दोनला टॉर्च आणि मेगर (तारेचं आवरण तपासायचं मीटर) घेऊन फॉल्ट शोधत फिरतो. तो सापडेपर्यंत दुसऱ्या तारेत आणि लोखंडात पूर्ण दाब उभा असतो.

आता स्पाइक गार्ड उघडून बघा. आत बटणाएवढ्या गोल चकत्या दिसतील. तारेत जादा दाब आला की तो अर्थिंगमध्ये सोडून द्यायचा, हे त्यांचं काम. घरच्या वायरिंगचा हिशेब धरून त्या बसवलेल्या असतात. जहाजावर असा फॉल्ट उभा राहिला की नको तिथे त्यांच्यावर ताण येतो, त्या तापतात आणि प्लास्टिक पेट घेतं. शिवाय त्यावरचा स्विच बहुतेक वेळा एकच तार तोडतो, आणि इथे तर दोन्ही जिवंत. म्हणजे दिवा विझला तरी आत वीज आहेच. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याच विषयावर इशारा काढला होता. जहाजावर आम्ही वादळाला एवढे घाबरत नाही जेवढे आगीला घाबरतो. वादळात निदान बाहेर तरी पाणी असतं.

मग सी-पॅपचं काय? आजच एजंटला सांगा की क्रूझ कंपनीला लेखी कळव: "प्रवासी सी-पॅप वापरतो, पलंगाजवळ एक्स्टेंशन आणि डिस्टिल्ड वॉटर हवं." या दोन्ही गोष्टी जहाजावर बहुधा मिळतात. खोलीत पोचाल तेव्हा वायर बहुधा पलंगाशी ठेवलेली असेल, नसेल तर खोलीवाल्या पोराला सांगा. तो कोकणातला नाहीतर गोव्याचा निघाला तर दोन मिनिटांत आणून देईल. मशीन विमानात हातातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

प्लग: खोलीत साधारण दोन प्रकारचे सॉकेट असतात. चपट्या पट्ट्यांचा अमेरिकन ११० व्होल्टचा आणि गोल खोलगट युरोपियन २२० चा. आपल्या फोनच्या चार्जरची बारीक दोन पिन त्या गोल सॉकेटमध्ये सरळ बसते. आपली तीन जाड पिनांची मात्र कुठेच बसत नाही, तेव्हा लॅपटॉप आणि सी-पॅपसाठी एक साधा अडॅप्टर न्या. नुसता अडॅप्टर, सर्ज प्रोटेक्शनवाला (म्हणजे त्याच चकत्यांचा) नको. आणि चार यूएसबी तोंडांचा एक चार्जर घेतला की सगळ्यांचे फोन त्यावर भागतात.

किटली: चढताना एक्स-रेमध्ये दिसली की काढून घेतात, पावती देतात, उतरताना परत. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, सगळ्यांची तीच गत. सासूबाईंसाठी स्टीलचा चांगला थर्मास न्या. रात्री बुफेजवळच्या मशीनवरून उकळतं पाणी भरून ठेवा, पहाटेपर्यंत चहापुरतं गरम राहतं. थर्मासचं तोंड नळाला लावू नका, आधी कपात घ्या आणि मग ओता. पोटाची साथ जहाजावर फार लवकर पसरते, म्हणून तिथले लोक त्याबाबतीत कडक असतात. प्रीमिक्सची बंद पाकिटं चालतात. घरी केलेलं उघडं खाणं मात्र अडवू शकतात.

फोनचं संध्याकाळी लिहितो, आता लाईट गेली.

पाथर्डी_फाटा

बाप रे. इतकं सविस्तर! एजंटला ईमेल आत्ताच टाकला. किटली परत कपाटात. फोनची वाट बघते.

ठाणे_वेस्ट

वायरमन भाऊ, मान्य. पण आमच्या खोलीत चार रात्री काहीच झालं नाही हेही खरं आहे ना?

डेकवरचा_वायरमन

खरं आहे. त्या चार रात्रींत फॉल्ट आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आला असता तर तुम्हाला तो दिसला नसता, आम्हाला दिसला असता.

आता फोन. ताई, किनारा सुटला की थोडा वेळ मलेशिया-इंडोनेशियाचे टॉवर लागतात. ते गेले की फोन जहाजाचंच नेटवर्क पकडतो, नाव 'सेल्युलर ॲट सी' असं काहीतरी दिसतं. जहाजावर छोटा टॉवर असतो आणि तिथून पुढे सगळं उपग्रहातून जातं. परदेशवारीसाठी घेतलेला साधा रोमिंग पॅक याला सहसा लागू नसतो, दर वेगळा आणि सणसणीत. तुम्ही फोन उचलला नाही तरी खिशात व्हॉट्सॲपचे फोटो उतरत राहतात आणि मीटर पळत राहतो. म्हणून जहाज सुटायच्या आधी सहाही फोन विमान मोडवर, मग त्यातच वायफाय वेगळं चालू. सासूसासऱ्यांचे फोन तुम्ही स्वतः हातात घेऊन करा, "केलंय गं" यावर विश्वास ठेवू नका.

वायफाय पॅकेज घेऊ नका हे ठाणेकरांचं मला पटत नाही. सगळ्यांना घेऊ नका, एकच घ्या. बहुतेक कंपन्यांत एका उपकरणाचं पॅकेज एका वेळी एकाच फोनवर चालतं. तुमच्या फोनवरून लॉगआउट केलं की नवऱ्याच्या फोनवर लॉगिन होतं. नणंदेचा कॉल सासूबाईंनी तुमच्याच फोनवर घ्यायचा. पॅकेज घरूनच, कंपनीच्या ॲपवरून घ्या, जहाजावर चढल्यावर बहुधा महाग पडतं. घेताना कॉलिंग चालणारं आहे की नुसत्या मेसेजचं, ते वाचा.

पूर्वी जहाजावरून व्हिडिओ कॉल म्हणजे "हॅलो" म्हणायचं आणि वाट बघायची. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, आवाज जाऊन यायलाच अर्धा सेकंद. आता खालच्या कक्षेतले, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचे उपग्रह आलेत. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०२२ मध्ये आपल्या ताफ्यावर असंच स्टारलिंकचं इंटरनेट बसवायला घेतलं, पाठोपाठ बाकीचेही. त्यामुळे बोलणं बरंच सरळ होतं. तरी संध्याकाळी सगळं जहाज एकदम ऑनलाइन येतं, तेव्हा सकाळी बोला. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, नणंदेलाही बरं.

जाण्याआधी फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड, ॲप अपडेट, सगळं बंद करा. मुलाच्या टॅबमध्ये काय बघायचं ते घरच्या वायफायवरच भरून घ्या.

ओटीपी: विमान मोडमध्ये मेसेज येईल याचा भरवसा धरू नका, त्यापेक्षा समुद्रात ओटीपीची गरजच पडू देऊ नका. जहाजावर रोख चालत नाही, खोलीच्या कार्डावर खर्च चढतो आणि त्याला तुमचं क्रेडिट कार्ड पहिल्या दिवशी जोडतात. ते कार्ड परदेशासाठी चालू आहे का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवी कार्डं परदेशी वापरासाठी मुळात बंदच येतात, आपण चालू करायची असतात. आणि भारतीय सिम फोनमधून काढू नका, बँकेची ॲपं रुसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाहीत. घड्याळ.

सिंगापूर आणि पेनांग एकाच वेळेवर. फुकेत एक तास मागे. जहाज बहुधा सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतं. फुकेतला उतरून थाई सिम किंवा ई-सिम लावलं की फोन आपणहून तासभर मागे जातो. जहाज म्हणतं साडेचारला परत या. तुमच्या फोनवर साडेतीन, तुम्ही निवांत शहाळं पीत बसलेले, आणि जहाजाचे साडेचार वाजलेले. त्यात तिथे पुष्कळदा जहाज पातोंग किनाऱ्यासमोर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून ने-आण होते. शेवटची बोट गेली की गेली. तेव्हा फोनमधली 'आपोआप वेळ' बंद करून वेळ हाताने लावा, आणि सासऱ्यांकडे साधं हातघड्याळ असेल तर ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. तेच घरातलं अधिकृत घड्याळ. उतरण्याआधी जहाजाच्या त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रकाचा फोटो काढा. त्यावर परतायची वेळ असते आणि जहाजाच्या त्या बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो. कोणी मागे राहिलं तर पहिला फोन त्याला.

हरवण्याबद्दल: प्रत्येक खोलीत फोन असतो, खोलीतून खोलीत फुकट. खोल्यांचे नंबर आईंच्या पर्समध्ये मोठ्या अक्षरात लिहून द्या. जहाजाचं ॲप घरूनच उतरवून ठेवा. ते जहाजाच्या वायफायवर बिनपैशाने चालतं, फक्त त्यातल्या चॅटला काही ठिकाणी पैसे पडतात. सुरक्षेची तालीमही हल्ली बरीचशी त्या ॲपवर होते. तरी आपलं जमायचं ठिकाण प्रत्यक्ष चालत जाऊन बघाच. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा सगळ्यांच्या कानात बसू द्या.

बूनले_मराठी

सिंगापूरहून दोन गोष्टी जोडते. एक, इथे क्रूझच्या दोन जागा आहेत: मरिना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. नावं सारखी, मॅपमध्ये नुसतं 'क्रूझ सेंटर' टाकून टॅक्सीत बसलेले पाहुणे मी पाहिलेत. तिकिटावरचं नाव ड्रायव्हरला दाखवा. मरिना बेचं असेल तर मरिना साउथ पियर मेट्रो जवळ आहे, पण सहा माणसांचं सामान आणि ज्येष्ठ असताना टॅक्सीच करा.

दोन, एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म. विमानाने येताना भरालच, पण क्रूझवरून परत सिंगापुरात उतरतानाही नव्याने भरावं लागतं, आणि ते पोचण्याच्या आधी तीन दिवसांच्या आतच भरता येतं. म्हणजे चार रात्रींच्या क्रूझचं परतीचं कार्ड घरून भरून निघता येत नाही. ते पेनांग-फुकेतला किंवा त्या एका वायफाय पॅकेजवर भरायचं. सहाही जणांच्या पासपोर्टचे फोटो फोनमध्ये ठेवा. ते सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे एजंटकडून लेखी घ्या. आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सिंगापूर एअरलाइन्सने येणार असाल तर १ एप्रिल २०२५ पासून विमानात ती वापरायला बंदी आहे, तेव्हा फोन आधीच भरून घ्या.

पाथर्डी_फाटा

परतीच्या कार्डाचं एजंटला विचारलं. म्हणाला, "हो का?" बोला आता.

एक शेवटचं. आतली खोली कोणाला द्यावी? आई म्हणते मला चालेल.

डेकवरचा_वायरमन

आईंना नको. दिवा घालवला की तिथे मिट्ट काळोख, रात्री बाथरूमला उठलं की दार सापडत नाही. तिथे नवरा आणि मुलगा. टीव्हीवर जहाजाच्या नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) कॅमेऱ्याचं चॅनल असतं, ते आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवायचं. मंद उजेड मिळतो आणि सकाळ झाली की कळतं. खोलीच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, तेव्हा नाशिकच्या मेनरोडवरून डझनभर चुंबकाचे हूक घ्या. ओले टॉवेल, टोप्या, औषधांची पिशवी, सगळं भिंतीला लटकतं. सी-पॅपची नळीसुद्धा.

पाथर्डी_फाटा

मुलगा चॅनल ऐकून खूश, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.