अंगणातल्या कुत्र्याला झटक्याची तार? मी याच्या पूर्ण विरोधात आहे

धुऱ्यावरचा:
परवा पऱ्हाटी भाऊंनी इथे सल्ला दिला: "कुत्र्यासाठी कंपाऊंडवर कशाला खर्च करता? वावरातली झटका मशीन (कुंपणाच्या तारेत ठोक्याठोक्याने विजेचा झटका सोडणारी) आहेच. तिची एक तार सांदवाडीभोवती (अंगणाभोवती) दीड फुटावर फिरवा, कुत्रं दोन दिवसांत शिकतं." खाली बरेच अंगठे पडले. कुणीतरी खरंच करून बसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देते. सुसाट निघालेलं कुत्रं दोन ठोक्यांच्या मधे तारेखालून निघून जातं. नाहीतर झटका मानेवर बसतो आणि ते मागे फिरायच्या ऐवजी पुढेच उसळी घेतं. आता ते बाहेर, आणि घराच्या वाटेवर तीच तार. हाका मारा, भाकर दाखवा, ते आत यायला धजत नाही. दुसरं म्हणजे, झटका बसला तेव्हा समोर जे दिसत होतं त्याच्याशी कुत्रं ते दुखणं जोडतं. समोर शेजारचं पोरगं असलं तर त्या पोराशी. मग ते पोरावर धावून गेलं की दोष कुत्र्याला.

कुंपण करायचं तर नीट करा. आपल्या काळ्या मातीत खांब का कलतो? पावसाळ्यात माती फुगते आणि उथळ ठोकळ्याला वर उचलते. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खांब मोकळा होतो. दोन वर्षांत जाळीला झोळ येतो. म्हणून खड्डा अडीच फूट, तळाशी तोंडापेक्षा रुंद. १:२:४ काँक्रीट (सिमेंट:रेती:गिट्टी), आणि त्याच्याभोवती निघालेली काळी माती परत न टाकता मुरूम ठोकून भरायचा. वरचं तोंड घुमटासारखं ठेवायचं, पाणी खांबाशी थांबू नये. हे काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात सब्बल (पहार) उसळून हातावर येते.

खांबाला लोखंडी अँगल ४०×४०×५ मिमी, आठ फुटांवर एक. कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरपा टेका हवाच, जाळीचा सगळा ताण तिथेच येतो. चेनलिंक जाळी १० गेज (तारेची जाडी), भोक दोन इंची, उंची सहा फूट. आडव्या ताण-तारा तीन, त्या बाहेरच्या अंगाने. आत घेतल्या तर कुत्र्याला शिडी मिळते.

आता सगळे विसरतात ते: खालचा पदर. कुत्रं नेहमी जाळीच्या पायथ्याशीच उकरतं. दोन फूट रुंद जाळी आतल्या बाजूला जमिनीलगत आडवी टाका, तीन इंच मातीखाली, आणि उभ्या जाळीला दर सहा इंचांवर बाइंडिंग तारेने बांधा. उन्हाळ्यात माती बसते आणि जाळीखाली दोन बोटं फट पडते. पदर असला तर त्या फटीचं भोक होत नाही.

पऱ्हाटी:
भाऊ, तुमचं कुंपण चांगलंच आहे, पण हिशेब मांडा. ४० बाय ५० चं अंगण, घेर १८० फूट. बंडीचं (बैलगाडीचं) फाटक १२ फूट सोडलं तर १६८. आठ फुटांवर खांब म्हणजे २२ खांब. साडेआठ फुटी अँगल मीटरला तीन किलो धरला तर नुसतं १७० किलोच्या वर लोखंड झालं. त्यावर जाळी, गिट्टी, सिमेंट, वेल्डर. कापसाच्या पैशात हे बसते का? मशीन मात्र डुकरासाठी, रोह्यासाठी (नीलगाईसाठी) घ्यावीच लागते. आहे त्या वस्तूचा उपयोग सांगितला, त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?

निंबोणी:
पऱ्हाटी दादा, खर्चाचं पटतं. पण झटक्याच्या आधी दुसरा स्वस्त मार्ग आहे, तारेवरची साखळी. दोन खांबांमधे सात फूट उंचीवर ४० फूट तार ताणायची, त्यावर कप्पी, कप्पीला साखळी. साखळीच्या दोन्ही टोकांना भवरकडी (गोल फिरणारी कडी) लावायची, नाहीतर पीळ पडून साखळी आखूड होत जाते. तारेच्या दोन्ही टोकांना अडथळा म्हणून क्लॅम्प. साखळी भिंतीपर्यंत किंवा कुंपणापर्यंत कधीच पोचता कामा नये. कुत्रं पलीकडे उडी मारतं आणि गळ्याला फास लागून लटकतं. गळ्यात रुंद पट्टा, फासाचा पट्टा नाही.

दिवसभर दोन फुटी साखळीत खुंट्याला बांधून ठेवणं हा उपाय नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ मधे विनाकारण आखूड किंवा जड साखळीत ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, दोन्ही येतं.

सब्बल:
झटक्याबद्दल दोघेही अर्धंच बोलताय. मुळात तुमची अर्थिंग बरोबर आहे का? बहुतेकांची नसते, आणि मग "मशीन भंगार निघाली" म्हणून दुकानदाराशी भांडण. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) सहा फुटी तीन रॉड, दहा-दहा फुटांवर, एकाच तारेने जोडलेले. एक हातभर सळई ठोकून अर्थिंग होत नाही. मे महिन्यात काळी माती रॉडपासून सुटते, बोट जाईल एवढी पोकळी राहते. करंट जमिनीतून परत आला नाही तर झटका लागणार कसा?

पऱ्हाटी:
आमच्याकडे एकच रॉड आहे आणि झटका चांगला लागतो.

सब्बल:
श्रावणात लागतो. वैशाखात मोजा. मशीनपासून तीनशे फुटांवर दोन-तीन लोखंडी सळया तारेला टेकवून जमिनीत खोचा, तारेचं व्होल्टेज २००० च्या खाली पाडा. मग शेवटच्या अर्थिंग रॉडवर व्होल्टमीटर लावा, त्याचं दुसरं टोक तीन फुटांवर जमिनीत. ३०० व्होल्टच्या वर दाखवलं तर तुमची अर्थिंग कमी पडते, रॉड वाढवा. रॉडभोवती मीठ-कोळसा भरा, उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी. तरी जमत नसेल तर तारा आलटून पालटून घ्या: एक चालू, एक अर्थ. जनावर दोन्हींना लागलं की कोरड्या जमिनीतही झटका बसतो. आणि तारेला गवत टेकू देऊ नका, पोळ्यापर्यंत अर्धा करंट गवतच खातं.

निंबोणी:
दादा, धागा कुत्र्याचा आहे, डुकराचा नाही.

सब्बल:
ताई, अंगणात लावायची म्हणताहेत म्हणूनच सांगतो. झटक्याचा रॉड घराच्या मीटरच्या अर्थिंगपासून किमान ३३ फूट लांब लागतो. ४० बाय ५० च्या अंगणात न्हाणीजवळची ओली जागा बघून रॉड ठोकाल, तर घराची अर्थिंग तिथेच असते. मग नळाला, कूलरला मुंग्या येतात. मी झटक्याच्या बाजूचा माणूस आहे, वावरात त्याच्याशिवाय पीक हाती येत नाही. अंगणात नको.

नवीन_वाचक:
एवढी मशीन-बिशीन कशाला? आमच्याकडे लोक रात्री सरळ लाइनवरून तार सोडतात. एका रात्रीत काम होते.

सब्बल:
हे इथे लिहूच नका! मशीनचा ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ असतो, म्हणून जनावर उडतं आणि वाचतं. थेट लाइनला हात आवळला की सुटत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेतकरीच त्या तारेवर मरतो. वाघ-बिबट मेला तर वन्यजीव कायदा १९७२, माणूस मेला तर तुरुंग. तुमचं कुत्रं तर पहिल्याच रात्री जाईल.

धुऱ्यावरचा:
सब्बल भाऊंना पूर्ण पाठिंबा. हा प्रतिसाद काढून टाकावा.

बोडीकाठ:
तुम्ही सगळे वऱ्हाडातले दिसता, कुत्रं बाहेर जाईल याचीच काळजी. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यात प्रश्न उलटा आहे: आत काय येते. सहा फुटी जाळी बिबट्यासाठी अडथळाच नाही. कुंपणात मोकळं असलेलं कुत्रं पळून पळून कुठे पळणार? आणि ताई, तुमच्या तारेवरच्या साखळीवर रात्री कुत्रं ठेवलं तर त्याला तेवढीही सोय नाही. कुंपण दिवसासाठी. रात्रीसाठी छताचा पिंजरा, याला पर्याय नाही.

माप लिहून घ्या. आठ बाय सहा, उंची सहा. अँगलची चौकट, वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी जाळी) दोन इंची १० गेज, जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने, म्हणजे बाहेरून धडक बसली तरी ती चौकटीवरच दाबली जाते. छतालाही तीच जाळी. खालचे दोन फूट विटा किंवा पत्रा. कुत्रं जाळीला टेकून झोपतं आणि दोन इंची भोकातून नखं आत येतात. फरशीला चार फुटांत एक इंच उतार. दाराला कडी दोन, एक वर, एक बुडाशी, दोन्हीत खिळा अडकवायचा.

छताच्या जाळीवर टिनपत्रा थेट टाकू नका, मे महिन्यात ४५-४६ अंशांत खाली भट्टी होते. टिन टाकायचाच तर वीतभर अंतर सोडून त्यावर तुराट्यांचा किंवा तणसाचा थर. पिंजरा कोठ्याला (गोठ्याला) लागून ठेवा, म्हणजे भुंकणं घरात ऐकू येते. जेवणाचं भांडं अंधार पडायच्या आत उचला, उष्ट्यावर आधी मोकाट कुत्री येतात आणि त्यांच्या मागे बिबट.

पऱ्हाटी:
पिंजऱ्यात कोंडलं तर जागल कोण करणार? कुत्रं ठेवतोच त्यासाठी.

बोडीकाठ:
कुत्र्याचं काम कान आणि गळा. डुक्कर धुऱ्यावर आलं की ते पिंजऱ्यातूनही भुंकते. अंगावर जाणं त्याचं काम नाही. आणि गावागावांतली रात्री मोकळी सोडलेली कुत्री जंगलाच्या कडेला चितळाची पिल्लं फाडतात, गोचीड, खरूज, सगळं घेऊन घरी येतात, आणि नाव होते कोल्ह्याचं. यावर कुणीच बोलत नाही. कुत्रं आपलं असेल तर रात्री ते कुठे आहे हे आपल्याला माहीत पाहिजे.

निंबोणी:
बोडीकाठ दादा, साखळीबद्दल तुमचं मान्य. रात्री नाही, दिवसाच, आणि घरात माणूस असतानाच. तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

एक राहिलं. कुंपण कितीही पक्कं करा, फवारणीचं औषध आणि उंदराची गोळी त्याच अंगणात असते. पंप धुतलेलं पाणी खड्ड्यात साचतं, कुत्रं तेच पितं. तोंडाला फेस, डोळ्यांची बुबुळं बारीक, अंग थरथरतंय, हे दिसलं की मीठ-पाणी पाजत बसू नका. औषधाची बाटली हातात घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे निघा, बाटलीवरचं नाव बघूनच ते इंजेक्शन ठरवतात. कुंपणाच्या कडेने कण्हेर लावली असेल तर तीही काढा, पानं विषारी आहेत.

पऱ्हाटी:
ठीक. अंगणातली तार उतरवतो, वावरातली राहील. सब्बल भाऊंच्या मापाने रॉडही वाढवतो. पिंजऱ्याचा हिशेब केला, चारही बाजू आणि छत मिळून २१६ चौरस फूट जाळी लागते, हे जमण्यासारखं आहे. पण पूर्ण कुंपण यंदा नाही म्हणजे नाही, कुणी कितीही लिहिलं तरी. आधी मागची बाजू, बाकी बोराटीचे काटे. आणि बंडीच्या फाटकाखाली हातभर फट आहे, चाकोरीमुळे. तिथे काय करता, ते सांगा.

धुऱ्यावरचा:
काट्यांच्या कुपाटीत दरवर्षी भर घालावी लागते आणि पिल्लू बुडातून निघतं, तरी यंदापुरतं चालेल. फाटकासाठी: चाकोरीच्या जागी एक फूट खोल, नऊ इंच रुंद खोदून फाटकाच्या पूर्ण लांबीचा काँक्रीटचा उंबरठा भरा, खाली सहा इंच मुरूम. उंबरठा जमिनीपेक्षा एक इंचच वर, बैलाला ठेच लागू नये. फाटक दोन पल्ल्यांचं करा, एकाच बारा फुटी पल्ल्याचं टोक वर्षभरात खाली येतं. पल्ला आणि उंबरठा यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. त्याच फाटकात माणसासाठी अडीच फुटी छोटं दार ठेवा, आत उघडणारं, स्प्रिंगच्या बिजागरीचं. कुत्री निसटतात ती मोठं फाटक दूधवाल्यासाठी, पोरासाठी सारखं उघडावं लागतं म्हणून.

सब्बल:
आणि उंबरठ्याला वीस दिवस पाणी मारा. त्याआधी बंडी नेऊ नका.